एकोणतिसावा बेड: एका मराठी सिस्टरच्या बढतीचं प्रकरण

हे प्रकरण इंग्लंडमधल्या एका सरकारी रुग्णालयातलं आहे. जिचं आहे तिने लिहायला होकार दिला, आणि मसुदा वाचून दोन ठिकाणी दुरुस्त्याही सांगितल्या. ओळख पटू नये म्हणून शहराचं नाव घेतलेलं नाही, काही बारीक तपशील बदलले आहेत. मी इंग्लंडमध्ये नर्सिंग शिकवण्याचं काम करते आणि परदेशातून आलेल्या नर्सना मेंटॉर म्हणून भेटते. या बाईंना मी दीड वर्ष भेटत होते. त्या काळात माझा एक निर्णय चुकला, तोही इथे आहे.

पार्श्वभूमी

मी तिला इथे सिस्टर म्हणणार आहे. आपल्याकडे नर्सिंगचा कोर्स संपवून पहिल्या दिवशी वॉर्डात उभी राहिलेली बावीस वर्षांची मुलगीही सिस्टरच असते. पेशंट, नातेवाईक, वॉर्डबॉय, मोठे डॉक्टर, सगळे त्याच नावाने हाक मारतात. इंग्लंडमध्ये मात्र सिस्टर हा हुद्दा आहे. नोंदणीकृत नर्स पाचव्या बँडवर, म्हणजे पगाराच्या पाचव्या श्रेणीवर, सुरुवात करते. सहाव्यावर ज्युनिअर सिस्टर, सातव्यावर वॉर्ड मॅनेजर, म्हणजे सीनिअर सिस्टर. त्याच्या वर मेट्रन.

ही बाई मिरजेची. मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथे मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून पेशंट तिथे येत आले आहेत. तिथल्याच एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत ती अकरा वर्षं होती. २०१६ साली इंग्लंडला आली ती इंग्रजीची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास होऊन. लेखनात दोनदा अर्ध्या गुणाने गेली होती. त्यानंतर नॉर्थॅम्प्टनला प्रात्यक्षिक परीक्षा, जिथे परीक्षकांसमोर हात धुण्यापासून पुन्हा सगळं करून दाखवायचं. नोंदणी हाती येईपर्यंत तिने हेल्थकेअर असिस्टंटसारखं, म्हणजे नर्सच्या मदतनिसाचं, काम केलं. अकरा वर्षं व्हेंटिलेटर सांभाळलेल्या बाईला ब्लड प्रेशर कसं मोजायचं हे एक विशीतला मुलगा समजावून सांगत होता. "त्याची काय चूक, ताई? त्याला माहीतच नव्हतं," असं ती मला म्हणाली होती.

२०१७ मध्ये बँड ५. २०१९ मध्ये बँड ६, म्हणजे तीन वर्षांनी ती पुन्हा सिस्टर झाली. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा तिला आयसीयूत पाठवलं, कारण व्हेंटिलेटर चालवता येणाऱ्या नर्स अचानक हव्या झाल्या. मार्च २०२२ मध्ये वयस्कर रुग्णांच्या २८ बेडच्या वॉर्डची मॅनेजर निवृत्त झाली, आणि सहा महिन्यांसाठी तिला त्या जागी नेमलं. पगार बँड ७ चा, हुद्द्यापुढे 'अॅक्टिंग'.

हे ज्या व्यवस्थेत घडलं तिचा थोडा इतिहास सांगायला हवा. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने कॅरिबियन बेटांवरून नर्स होण्यासाठी मुली बोलावल्या. त्यांतल्या कितीतरी जणींना तीन वर्षांच्या पूर्ण नोंदणीच्या कोर्सऐवजी दोन वर्षांच्या एनरोल्ड नर्सच्या कोर्सला घातलं गेलं, आणि त्यातून वर चढायला वाट जवळपास नव्हती. २०१५ पासून इंग्लंडमधल्या प्रत्येक ट्रस्टला, म्हणजे सरकारी रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थेला, वांशिक समानतेचे आकडे दरवर्षी जाहीर करावे लागतात. मार्च २०२३ च्या आकड्यांनुसार ट्रस्टमधले २६.४ टक्के कर्मचारी गोऱ्यांव्यतिरिक्त इतर वंशांचे होते, तर सर्वांत वरच्या व्यवस्थापकांत हे प्रमाण ११.२ टक्के होतं. मुलाखतीपर्यंत पोचलेल्या उमेदवारांत गोऱ्या उमेदवाराची निवड होण्याची शक्यता इतरांच्या १.५९ पट होती. सिस्टरला असे आकडे माहीत नव्हते. मला त्याआधीच्या वर्षांचे माहीत होते, आणि तरीही पहिल्या भेटीत मी ते काढले नाहीत.

अडचण

अॅक्टिंग मॅनेजर झाल्यावर तिला गडद निळे दोन ट्युनिक मिळाले. त्या रुग्णालयात वॉर्ड मॅनेजरचा रंग तो. तिसऱ्या आठवड्यात व्हिडिओवर भेटलो तेव्हा ती जुन्याच फिक्या निळ्या ट्युनिकमध्ये होती.

"नवीन कुठे गेले?" मी विचारलं.

"बाह्या जरा घट्ट आहेत ताई, उसवून घ्यायच्यात."

पाचव्या आठवड्यात पुन्हा तेच उत्तर. तिच्या मागे भिंतीला लागून शिलाई मशीन दिसत होतं. मुलीचे शाळेचे फ्रॉक ती घरीच शिवते. बाह्या उसवायला तिला दहा मिनिटं लागली असती.

सातच्या शिफ्टला ती सव्वासहाला पोचायची आणि रात्रपाळीने दिलेल्या औषधांचे तक्ते पहिल्यापासून तपासायची. ड्युटी रोस्टर घरी आणून रात्री अकरापर्यंत एकटीच करायची. हाताखालच्या ज्युनिअर सिस्टरला एक ओळ भरायला द्यायची नाही. "चूक निघाली तर माझ्यावरच येणार," म्हणायची. सकाळच्या राउंडला कन्सल्टंट, म्हणजे मोठे डॉक्टर, तिच्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या गोऱ्या स्टाफ नर्सला विचारायचे, "या पेशंटचा डिस्चार्ज कधी?" नातेवाईक तिला सांगायचे, "जरा वॉर्डच्या मॅनेजरला बोलवा." दोन महिन्यांच्या आढाव्यात मेट्रनने लिहिलं की काम उत्तम आहे, मात्र नेतृत्वाची छाप अजून पडायला हवी. छाप म्हणजे नेमकं काय, हे लिहिलं नव्हतं आणि सिस्टरने विचारलंही नव्हतं.

तिचा अर्थ ठरलेला होता. "ताई, कोणी मिळालं नाही म्हणून त्यांनी मला बसवलंय. कधीतरी कळेलच त्यांना."

पहिला निर्णय: त्याला नाव दिलं

इथे माझी चूक झाली. मी तिला इम्पोस्टर सिंड्रोमबद्दल सांगितलं. पॉलीन क्लॅन्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवांवरून हे मांडलं: हातात पदव्या आहेत, यश आहे, तरी आतून वाटतं की आपण सगळ्यांना फसवतोय आणि एक दिवस उघडे पडू. क्लॅन्स यांनी पुढे केलेली २० प्रश्नांची चाचणी मी तिला पाठवली. १०० पैकी तिचे ८३ आले. ८० च्या वर म्हणजे ही भावना तीव्र.

पुढच्या भेटीत ती जवळपास मोकळी झालेली दिसली. "म्हणजे मला हे आहे. आता कळलं." शुगरचा रिपोर्ट हातात आल्यावर माणूस बोलतो तसं ती बोलत होती. डायरीत ८३ लिहून तिने खाली दोन रेघा मारल्या होत्या. कन्सल्टंट तिच्या खांद्यावरून का विचारतात याचंही उत्तर आता तिला त्या ८३ मध्ये सापडत होतं: "माझ्यातच आत्मविश्वास नाही, तो त्यांना दिसतो."

ते ऐकताना मला जे दिसायला हवं होतं ते दिसलं नाही. क्लॅन्स आणि आइम्स यांच्या समोरच्या बहुतेक स्त्रिया गोऱ्या, मध्यम आणि उच्च मध्यमवर्गातल्या होत्या. त्यांना राउंडला कोणी ओलांडून बोलत असेल, पण कातडीचा रंग किंवा उच्चार ऐकून कोणी ओलांडत नव्हतं. सिस्टरच्या बाबतीत आतली भीती आणि बाहेरची वागणूक अशा दोन गोष्टी होत्या आणि मी दोन्हींवर एकच चिठ्ठी लावली. रुचिका तुलश्यान आणि जोडी-अॅन ब्युरी यांनी २०२१ च्या लेखात हाच आक्षेप घेतला होता: जागेत बिघाड असताना दुरुस्ती बाईची करायला सांगतात. तो लेख मी वाचलेला होता.

मराठीत तोतया म्हटलं की पानिपतानंतर उभा राहिलेला सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो. आपण भाऊ नाही हे त्याला स्वतःला पक्कं माहीत होतं, आणि तरी काही सरदारांनी त्याला भाऊ मानलं. सिस्टरचं अगदी उलट होतं. ती खरी होती, कागदपत्रं खरी होती, आणि रोज कोणी ना कोणी तिला नव्याने ओळख पटवायला लावत होतं. असं सहा वर्षं चाललं तर कोणाही माणसाला स्वतःबद्दल शंका येईल.

दुसरा निर्णय: प्रशिक्षण वर्गात मन मोकळं केलं

मेट्रनने तिला ट्रस्टच्या नेतृत्व प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे ऑथेंटिक लीडरशिपवर पूर्ण दिवस होता. अस्सल नेतृत्वाच्या या कल्पनेचे संशोधकांनी चार भाग केले आहेत, आणि २००८ पासून ती मोजायला १६ प्रश्नांची प्रश्नावलीही आहे: स्वतःची जाण, इतरांशी मोकळेपणा, विरोधी मतही तोलून पाहणं, आणि स्वतःच्या नीतीवर उभं राहणं. कल्पना चांगली आहे. वर्गात मात्र ती एका वाक्यावर आली: जशा आहात तशा कामावर या.

गटात बोलायची पाळी आली तेव्हा एका गोऱ्या मॅनेजरने सांगितलं की तिला कधीकधी आपण या कामाला पुरे पडत नाही असं वाटतं. सगळ्यांनी तिच्या धैर्याचं कौतुक केलं. सिस्टरला बरं वाटलं, आणि तिनेही जवळपास तेच सांगितलं. दोन आठवड्यांनी मेट्रनबरोबरच्या बैठकीत तिला काळजीच्या सुरात विचारलं गेलं, "ही जबाबदारी जास्त होतेय का?"

"तिने सांगितलं ते धैर्य, आणि मी सांगितलं ती कबुली," सिस्टर म्हणाली. आपल्याकडे म्हणतात, मान सांगावा जना, अपमान सांगावा मना. तिने एकदा जनांत सांगून पाहिलं होतं. त्यानंतर ती माझ्याशीही कमी बोलायला लागली.

ती रात्र

ऑक्टोबर आला. मुदत सहा महिन्यांची होती ती वाढवली होती. एका रात्री एक नर्स आजारी पडली, बदली मिळाली नाही, म्हणून दिवसपाळी करणाऱ्या सिस्टरने स्वतः रात्रपाळी घेतली. २८ पेशंटना तीन नोंदणीकृत नर्स हव्या होत्या. तिला धरून दोन होत्या, आणि दोन हेल्थकेअर असिस्टंट.

रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी बेड मॅनेजरचा, म्हणजे रुग्णालयातल्या बेडची वाटणी बघणाऱ्याचा, फोन आला. बाहेर अॅम्ब्युलन्स रांगेत उभ्या आहेत, इमर्जन्सीत जागा नाही, एक जादा पेशंट घ्या. म्हणजे चार बेडच्या खोलीत मधोमध पाचवा बेड लावायचा. वॉर्डचा एकोणतिसावा.

हे सुरक्षित नाही हे तिला माहीत होतं. सुरक्षित संख्याबळावरची नाइसची (आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी सरकारी संस्था) २०१४ ची तत्त्वं तिला तोंडपाठ होती: नर्सच्या वेळेत २५ टक्क्यांहून जास्त तूट पडली की तो रेड फ्लॅग, म्हणजे धोक्याचा इशारा, तो नोंदवायचा आणि वर कळवायचा. तीनऐवजी दोन म्हणजे तेहतीस टक्के. ती मला पुढे म्हणाली, "शब्द ओठांवर होते. पण वाटलं, नाही म्हटलं तर म्हणतील हिला झेपत नाही. वर्गात मीच तर तसं सांगून आले होते." ती फोनवर बोलली, "ठीक आहे, आम्ही बघतो." बेड मॅनेजरने मनापासून आभार मानले.

बेड आत आला. त्यासाठी खिडकीकडच्या पेशंटचा बेड दीड फूट सरकवला. ते एक्क्याऐंशी वर्षांचे गृहस्थ होते. त्यांचा वॉकर त्यांच्या उजव्या हाताला असायचा; बेड सरकवताना तो नव्या बेडच्या पलीकडे गेला आणि तिथेच राहिला. पहाटे चार चाळीसला त्यांना लघवीला लागली. त्यांनी बेल वाजवली नाही. वॉकरसाठी अंधारात हात पुढे केला, तो लागला नाही, आणि ते खाली आले. खुब्याचं हाड मोडलं.

सिस्टर तेव्हा दुसऱ्या टोकाला, धाप लागलेल्या बाईच्या उशाशी होती. आवाज आला तशी पळत आली. तिथली हेल्थकेअर असिस्टंट, साठीकडे झुकलेली, जमैकाहून आलेल्या एका एनरोल्ड नर्सची मुलगी, आधीच गुडघ्यावर बसून त्या गृहस्थांचं डोकं धरून होती. सगळं आटोपल्यावर सिस्टरने घटनेच्या फॉर्ममध्ये कारण म्हणून स्वतःचं चुकीचं नियोजन लिहिलं. ती बाई मागे उभी राहून वाचत होती. "माझी आईसुद्धा असंच लिहायची," ती म्हणाली. फॉर्म पाठवायच्या आधी सिस्टरने ती ओळ खोडली आणि हजर नर्सची संख्या आणि फोनची वेळ लिहिली. मला विचाराल तर हे प्रकरण तिथे वळलं, माझ्या कुठल्याही सल्ल्याआधी.

पर्याय

चौथ्या दिवशी ती मला भेटली. ट्रेनने माझ्या गावी आली होती. मी चहा टाकला, आणि या वेळी चाचणी वगैरे काढली नाही. तिच्या पिशवीतल्या जुन्या रोस्टरच्या पाठीवर उभी रेघ मारून दोन रकाने केले. डावीकडे, माझ्या मनात आलेलं. उजवीकडे, दुसऱ्याने पाहिलं असतं तर दिसलं असतं असं घडलेलं. प्रत्येक नोंदीसमोर दिवस आणि साक्षीदार.

एकूण चौदा नोंदी झाल्या. नऊ उजवीकडे गेल्या. राउंडमधले प्रश्न, आढाव्यातलं न समजावलेलं वाक्य, वर्गातलं बोलणं मेट्रनपर्यंत पोचणं, तिच्या चार अक्षरी नावाचं कोणालाही न विचारता दोन अक्षरांवर येणं. आणि एक तिला स्वतःलाच आठवलेलं: आधीच्या मॅनेजरने मागच्या हिवाळ्यात जादा बेड तीनदा नाकारला होता, आणि तिच्याबद्दल सगळे म्हणायचे की ती आपल्या वॉर्डसाठी ठाम उभी राहते.

पाच नोंदी डावीकडेच राहिल्या, आणि त्या राहिल्या हे महत्त्वाचं आहे. औषधांचे तक्ते पुन्हा तपासायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. रोस्टर कोणी अडवून ठेवला नव्हता. ज्युनिअर सिस्टरवर विश्वास न टाकणं तिचं होतं. सगळाच दोष व्यवस्थेचा म्हणून ती मोकळी झाली असती तर तेही खोटं ठरलं असतं, आणि त्या ज्युनिअर सिस्टरवर अन्यायही. तीही केरळहून आलेली, आणि तिलाही काहीतरी करून दाखवायचं होतं.

मग पुढचं. बँड ६ वर परत जाणं हा एक मार्ग होता. नवऱ्याचं मत तेच, पगार थोडा कमी पण झोप लागेल. दुसऱ्या ट्रस्टमध्ये अर्ज करणं हा दुसरा. मेट्रनने आत्मविश्वास वाढवण्याचा आणखी एक कोर्स सुचवला होता. तो तिने ऐकताक्षणी बाजूला ठेवला. रीतसर तक्रार करता आली असती, किंवा फ्रीडम टू स्पीक अप गार्डियनकडे जाता आलं असतं. कर्मचाऱ्यांना न घाबरता बोलता यावं म्हणून, २०१५ च्या फ्रान्सिस अहवालानंतर, प्रत्येक ट्रस्टमध्ये असा माणूस नेमलेला असतो. मी त्या बाजूची होते. तिने विचारलं, "तक्रार कोणाची करू? त्या बेड मॅनेजरची? तो बिचारा अॅम्ब्युलन्स मोजत होता." तिचं बरोबर होतं. त्या रात्री कोणीही तिच्याशी वाईट वागलं नव्हतं. तिला नाही म्हणणं महाग का वाटलं हा प्रश्न होता, आणि त्याला एका माणसाचं नाव लावता येत नव्हतं.

तिने पाचवं निवडलं: राहायचं, कायमच्या जागेसाठी अर्ज करायचा, पण आधी कामाच्या अटी लेखी मागायच्या.

काय केलं

मेट्रनकडे ती तीन गोष्टी घेऊन गेली. पहिली, नेतृत्वाची छाप म्हणजे कोणतं वागणं, याची दोन उदाहरणं लेखी द्यावीत. दुसरी, जादा बेड नाकारण्याचा अधिकार अॅक्टिंग मॅनेजरला आहे की नाही, ते लेखी द्यावं. तिसरी, मागच्या वर्षी याच दर्जाच्या पदाच्या मुलाखतीत ती मागे पडली होती, त्या मुलाखतीचे गुणपत्रक.

मेट्रनला पहिल्याचं उत्तर देता आलं नाही, आणि तिने तसं प्रामाणिकपणे कबूल केलं. मला तिच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी. दुसऱ्याचं उत्तर होकारार्थी आलं, ईमेलवर. तिसरं, गुणपत्रक, त्यात परीक्षकाचा शेरा होता: उत्तरांत सतत 'आम्ही', स्वतःचा वाटा स्पष्ट नाही.

या शेऱ्यावर आम्ही दोन तास बोललो. मराठी घरात 'मी, मी' करणाऱ्याला लहानपणीच टोकतात. त्यात आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत, समोरच्याला वगळणारा आणि सामावून घेणारा, आणि इंग्रजीत दोन्हींचा एकच होतो. तिच्या मनात 'आपण' असायचं. परीक्षकाला त्यात तिचं कामच सापडायचं नाही. मी म्हटलं, मुलाखतीत 'मी' म्हण. तिला ते पटेना. "मग ती मी नाही राहणार." शेवटी तिनेच तोड काढली. प्रत्येक उत्तरात आधी तिने काय ठरवलं ते 'मी' म्हणून सांगायचं, आणि मग ते कोणी कोणी पार पाडलं ते कामांनुसार सांगायचं. श्रेय वाटलं जाईल, निर्णय तिचा राहील.

बेड नाकारण्याचं वाक्यही तिने स्वतः घडवलं. आधीची मॅनेजर आवाज चढवायची. हिला ते जमत नाही आणि जमवायचंही नव्हतं. तिचं वाक्य असं, मराठीत: "मला हा पेशंट नको असं नाही. आज दोघींच्या हातांत तो सुरक्षित नाही. मी वेळ लिहून ठेवतेय, तुम्हीही लिहा." ते तिने माझ्यासमोर, मग नवऱ्यासमोर, मग आरशासमोर म्हटलं. नोव्हेंबरात पहिल्यांदा फोनवर वापरलं तेव्हा पलीकडे काही सेकंद शांतता होती. मग बेड मॅनेजर म्हणाला, "बरं. लिहितो."

रोस्टर ज्युनिअर सिस्टरकडे गेला. पहिल्या महिन्यात दोन चुका निघाल्या, दोन्ही दुरुस्त झाल्या. आणखी एक गोष्ट सिस्टरने मिरजेहून आणली. तिथे पेशंटच्या उशाशी कोणीतरी घरचं असतंच, आणि काय बदललंय ते नर्सच्या आधी त्याला कळतं. इथे तसं नाही. म्हणून रोज चारच्या सुमाराला प्रत्येक पेशंटच्या घरी एक फोन करायचा नियम तिने केला. आधी ते जादा काम म्हणून काहींनी नाकं मुरडली. ज्यांना रात्री उठायची सवय आहे अशा पेशंटची माहिती त्या फोनांतूनच मिळू लागली, आणि त्यांचे वॉकर कुठे ठेवायचे ते बेडमागच्या फळ्यावर लिहिलं जाऊ लागलं.

निष्पत्ती

घटनेच्या चौकशीत संख्याबळाची तूट आणि सरकवलेला बेड ही कारणं धरली गेली. कोणावर कारवाई झाली नाही. ते गृहस्थ शस्त्रक्रियेतून वाचले, पण स्वतःच्या घरी परत जाऊ शकले नाहीत. त्यांना केअर होममध्ये जावं लागलं. त्यांच्या मुलीने बैठकीत सिस्टरला विचारलं, "तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?" सिस्टरने सगळ्यांसमोर सांगितलं, "म्हणायला हवं होतं. मी घाबरले." तिने पुढे काही जोडलं नाही, ना संख्याबळाचं कारण ना कसलं नाव. ती मुलगी बराच वेळ रडली आणि जाताना तिचा हात हातात घेऊन गेली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात अस्सल नेतृत्व म्हणावं असा क्षण तो होता, आणि तो कोणत्याही प्रश्नावलीत मोजला गेला नाही.

२०२३ च्या वसंतात कायमच्या जागेची मुलाखत झाली. या वेळी ट्रस्टने सगळ्याच उमेदवारांना प्रश्न आधी दिले होते आणि परीक्षकांत एक बाहेरची व्यक्ती होती. तिची निवड झाली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. राउंडला एक कन्सल्टंट अजूनही तिच्या खांद्यावरून बोलतात. वॉर्डवरच्या स्टाफ नर्सनीच आता एक रीत पाडली आहे: प्रश्न आला की त्या उत्तर देत नाहीत, सिस्टरकडे बघतात. नावाची दोन अक्षरं तिने स्वतःहून परत चार केली. बिल्ला बदलून घ्यायला तीन महिने आणि चार ईमेल लागले.

वेगळं काय करता आलं असतं

मेट्रनने आढाव्यात छाप हा शब्द लिहिण्याआधी स्वतःला एक उदाहरण विचारलं असतं तर तो शब्द तिने लिहिलाच नसता असं मला वाटतं. बाहेरून आलेल्या माणसाला असे शब्द फार छळतात. न सांगितलेली कसोटी कशी पास करायची?

प्रशिक्षण वर्गाने मोकळेपणा मागितला, पण मोकळं बोलल्यावर काय होईल याची जबाबदारी घेतली नाही. गटातलं बोलणं बाहेर जाणार नाही एवढं तरी पाळायला हवं होतं. आणि शिकवणाऱ्याने हे ओळखायला हवं होतं की एकाच वाक्याची किंमत दोन बायकांना सारखी पडत नाही. जिच्या लायकीबद्दल शंका नाही तिची कबुली शोभून दिसते.

सिस्टरला स्वतःला काय वाटतं ते मी विचारलं. ती म्हणते, ऑक्टोबरची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात अधिकार लेखी मागायला हवे होते. मला यात तिच्यावर थोडा अन्याय वाटतो; पहिल्या आठवड्यात ते मागायची हिंमत कुठून येणार होती? पण हे तिचं मत आहे आणि ते तसंच लिहावं असं तिने सांगितलं.

माझं मला माहीत आहे. ८३ हा आकडा मी तिच्या हातात दिला तेव्हा ती आधीच रोज दहा ठिकाणी स्वतःला तपासत होती. मी अकरावी जागा दाखवली. चाचणी वाईट नाही, आणि डावीकडच्या पाच नोंदींसाठी ती उपयोगीही पडली असती. मी ती आधी काढली, एवढंच चुकलं. ते पाच महिने तिने स्वतःला दुरुस्त करण्यात घालवले, आणि त्या काळात संख्याबळाबद्दल एकही लेखी नोंद केली नाही. त्या रात्रीच्या फोनवर तिला नाही म्हणता आलं नाही त्यात माझ्या चिठ्ठीचा किती भाग होता, हे मी अजून विचारत असते.

आता कोणी नवी नर्स भेटायला आली की मी तिला मागच्या महिन्याचा रोस्टर आणायला सांगते. आम्ही त्याच्या पाठीवर रेघ मारतो.

परवा रात्री साडेअकराला सिस्टरचा मेसेज आला. जादा बेड नाकारला होता, पेशंट शेजारच्या वॉर्डात गेला होता, आणि तिथे हात कमी पडू नयेत म्हणून तिने आपली एक हेल्थकेअर असिस्टंट दोन तासांसाठी पाठवली होती. सोबत फोटो होता: बेडमागचा फळा, त्यावर 'वॉकर डाव्या हाताला', आणि कडेला फोटो काढणारीची गडद निळी बाही.